वाचकांचे प्रश्न : इटलीचा कार्यक्रम आपल्या गावात घ्यायचा तर?

मागच्या अंकात मी मुंबईत बघितलेल्या इटालियन भाषा सप्ताहाबद्दल थोडं लिहिलं होतं. एक देश आपली चित्रं, गाणी, सिनेमा आणि सायन्स घेऊन दुसऱ्याच्या गावात कसा जातो, एवढंच होतं त्यात. पण त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले, ताई ह्या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाका. मी बावीस वर्षं अजिंठा-वेरूळला गाईड आहे, त्यातली बरीच वर्षं इटालियन ग्रुप घेऊन फिरले, भाषा पण त्यांच्यामुळेच शिकले, तर जे लिहितेय ते लेण्याच्या पायऱ्या चढता-उतरता कळलेलं आहे असं समजा.

जालन्याहून एक हायस्कूलचे सर विचारतात : ताई, इटलीचं सरकार परदेशात गाणी, प्रदर्शनं, शास्त्रज्ञांची भाषणं हे सगळं करतं आणि बहुतेक ठिकाणी तिकीट पण नसतं म्हणता. कामून करतात एवढं? त्यांना काय मिळतं? आमच्याकडं शाळेच्या गॅदरिंगला वर्गणी जमवताना नाकी नऊ येतात म्हणून विचारायलोय.

सर, आधी हे कोण करतं ते सांगते. इटलीच्या परराष्ट्र खात्याच्या हाताखाली जगभर ऐंशीच्या वर सांस्कृतिक संस्था आहेत, आपल्याकडे दिल्लीला आहे आणि मुंबईला आहे, आणि त्या कशा चालवायच्या ह्याचा १९९० चा एक कायदाच आहे. म्हणजे कुणा एखाद्या हौशी अधिकाऱ्याची बदली झाली की काम बंद, असं तिथं होत नाही. वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं असतं. ऑक्टोबरात भाषा सप्ताह, तो २००१ पासून चालू आहे, त्यात फ्लॉरेन्सची १५८३ साली स्थापन झालेली भाषेची अकादमी बरोबर असते. नोव्हेंबरात जेवणाचा आठवडा, २०१६ पासून. डिझाइनचा एक दिवस. आणि १५ एप्रिलला, लिओनार्दो दा विंचीच्या वाढदिवसाला, संशोधनाचा दिवस. एकाच दिवशी ब्राझीलमध्ये पण चालू आणि जपानमध्ये पण चालू.

आता काय मिळतं म्हणाल तर उघड गोष्टी आहेतच, टुरिस्ट येतात, विद्यार्थी येतात, त्यांची मशीनं आणि फर्निचर विकलं जातं. पण मला वाटतं मुळात हे सगळं भाषेच्या काळजीतून आलंय. इटली एक देश झाला १८६१ ला, त्याआधी तुकड्या-तुकड्यांची राज्यं होती आणि घरोघरी आपापली बोली. त्यात १८७६ नंतरच्या शंभर वर्षांत अडीच कोटीच्या आसपास माणसं पोटासाठी देश सोडून गेली, अर्जेंटिना, अमेरिका, कुठं कुठं. (आपल्याकडचे ऊसतोड कामगार दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात तेव्हा मला नेहमी ते जहाजातले लोक आठवतात, फक्त त्यातले कित्येक परत आलेच नाहीत.) त्या लोकांची पोरं आपली भाषा विसरतील ह्या काळजीनं १८८९ साली दान्तेच्या नावानं एक संस्था निघाली, तिच्या शाखा आजही जगभर आहेत.

दान्तेच कामून? तर त्यानं विद्वानांच्या लॅटिनऐवजी घरातल्या भाषेत मोठं काव्य लिहिलं. सर, तुमच्या पोरांना हे एका वाक्यात समजेल. पैठणजवळच्या आपेगावात १२७५ ला ज्ञानेश्वर माउली जन्मले, त्याच्या दहाच वर्षं आधी १२६५ ला तिकडे दान्ते. माउलींनी १२९० ला गीता मराठीत आणली, दान्तेनं पुढच्या वीस-तीस वर्षांत तेच काम तिकडे केलं. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. भाषा सप्ताहात मुंबईला दान्तेवर छान बोलले लोक, पण आपेगावचं नाव कुणी काढलं नाही, आणि मी खुर्चीत बसून नुसती तळमळत होते, कारण हे एक नाव घेतलं असतं तर हॉलमधल्या प्रत्येक मराठी माणसाला दान्ते आपल्या शेजारच्या आळीतला वाटला असता.

फर्दापूरहून एक तरुण लिहितात : तुम्ही इटलीवाल्यांचं लई कौतुक करता. माझे आजोबा लेण्यात पत्र्यावरून उन्हाचा कवडसा आत टाकायचं काम करायचे. ते सांगायचे की इटलीहून आलेल्या लोकांनीच अजिंठ्याच्या चित्रांना वॉर्निश फासलं आणि चित्रं पिवळी पडली. मग त्यांच्या संस्कृतीचे कार्यक्रम आपण कामून करायचे?

भाऊ, तुमच्या आजोबांचं बरोबर आहे. आणि ह्याच प्रश्नासाठी मी निम्मा कॉलम राखून ठेवलाय.

झालं असं. तेव्हा अजिंठा हैदराबाद संस्थानात. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी, फार तळमळीचा माणूस, चित्रांचा गिलावा भिंतीपासून सुटायला लागलाय, पोपडे पडतायत हे त्यांना बघवत नव्हतं. हिंदुस्थानात तेव्हा हे काम येणारं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी नावाचे रिस्टोरर, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणारे, आणि त्यांचे मदतनीस काउंट ओर्सिनी ह्यांना बोलावलं. १९२० ते १९२२ असे दोन हिवाळे ते दोघं लेण्यात काम करत होते. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला परत धरवला, कडा बंद केल्या, पोपडे चिकटवले. जे तेव्हाच पडून वाघोरा नदीत वाहून गेलं असतं असं बरंच काही त्यांच्यामुळे भिंतीवर राहिलं. हे आधी मान्य करू.

आणि मग त्यांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. आपले सुतार ज्याला चपडा म्हणतात तेच, पळस-बोरीवरच्या किड्यापासून निघणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. दिलं तेव्हा चित्रं एकदम उजळली असणार, जुन्या कपाटाला पॉलिश केल्यावर उजळतं तशी. पण लाख म्हातारी होते. पिवळी पडते, मग तपकिरी, मग इतकी कडक होते की ज्या स्पिरिटनं विरघळली होती त्यानं पण सहज विरघळत नाही, आणि आकसते, आकसताना खालचा रंग पकडून वर ओढते. धूळ आणि वटवाघळांची घाण तिच्यावर बसते ती वेगळीच. एक मात्र सांगायला पाहिजे, सगळं वॉर्निश काही इटलीवाल्यांचं नव्हतं, त्यांच्याआधी चित्रांच्या नकला काढायला आलेल्या इंग्रजांच्या लोकांनी पण रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश लावलेलं होतं. थरावर थर.

चूक कुठं झाली ते मी पर्यटकांना भिंतीसमोर उभं करून सांगते. इटलीत जे खरं फ्रेस्को असतं ते ओल्या चुन्यावर काढतात, रंग पाण्यात कालवून ओल्या गिलाव्यावर लावला की चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि दगडासारखा होतो, रंग त्या दगडातच अडकतो. अजिंठ्याचं तसं नाही. इथं माती, भाताचा तूस, गवताचे तंतू असा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकात-सरसात कालवलेला रंग. तुमच्या-माझ्या आजीच्या घराची भिंत जशी श्वास घेते तशी ही भिंत श्वास घेते, ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर चपडा दिला म्हणजे तिचं नाक-तोंड दाबल्यासारखं झालं. औषध वाईट नव्हतं म्हणा, पेशंट दुसरा होता.

रंगाचं काय होतं ते डोळ्यानं बघायचं असेल तर पहिल्या लेण्यात शांत उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या. वॉर्निश जिथं अजून आहे तिथं पांढरा रंग साजूक तुपासारखा दिसतो आणि निळा हिरवट. जिथं पुरातत्त्व खात्याच्या केमिस्ट लोकांनी इंच-इंच करत तो थर काढलाय तिथं निळा खरोखर निळा आहे. तो निळा म्हणजे अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड. आणि भाऊ, रोमला सिस्टीन चॅपेलच्या मोठ्या भिंतीवर मायकेलअँजेलोनं जो निळा वापरलाय तो पण लाजवर्दच, तिकडच्याच डोंगरातला.

त्या सिस्टीनचंच पुढचं ऐका. १९८० ते १९९४ अशी चौदा वर्षं त्यांनी ते छत आणि ती भिंत साफ केली, तेव्हा मेणबत्त्यांच्या काजळीखाली काय निघालं, तर जुन्या काळच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी चकाकीसाठी लावलेला सरस, काळा पडलेला. म्हणजे जी चूक अजिंठ्यात झाली ती त्यांनी आपल्या घरी पण केलेली होती. फरक हा की त्यांनी त्यातून एक शास्त्र उभं केलं. १९३९ ला रोममध्ये रिस्टोरेशनची सरकारी संस्था काढली, तिचे पहिले प्रमुख चेझारे ब्रान्दी, त्यांनी १९६३ मध्ये सगळा विचार लिहून काढला आणि त्यातून जो नियम जगभर पसरला तो असा की आज जे लावाल ते उद्याच्या माणसाला मूळ चित्राला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. आणि जिथं चित्र गेलंय तिथं आपलं भरलेलं जवळून ओळखू यावं, म्हणून ते बारीक उभ्या रेघांनी भरतात, लांबून सलग दिसतं, जवळ गेलं की कळतं हे नवीन आहे. फसवायचं नाही.

म्हणून मी म्हणते, कार्यक्रम करायचा तर हाच करायचा. इटलीचा रिस्टोरर आणि आपला केमिस्ट एका टेबलावर, मागे अजिंठ्याच्या भिंतीचा मोठा फोटो, साफ झालेला भाग आणि न झालेला भाग शेजारी-शेजारी, आणि १९२० ची गोष्ट दोघांनी मिळून सांगायची, आमच्याकडून हे वाचलं आणि आमच्याकडून हे बिघडलं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात इटालियन कलेवरच्या कार्यक्रमात मी हात वर करून हे विचारलं होतं तर सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगून माइक पुढे दिला. मला फार लागलं ते. खरं तर पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ नंतर चहाच्या वेळी शोधत माझ्याकडे आले, अर्धा तास बोलले, वहीत वाघोरा नदीचं नाव लिहून घेतलं. पाहुणे ऐकायला तयार असतात हो, आपणच त्यांना नाजूक समजतो.

आणि तुमचे आजोबा तो पत्रा कसा धरायचे, कुठल्या वेळी कुठल्या लेण्यात ऊन जायचं, हे तुमच्या घरात कुणाला आठवत असेल तर लिहून ठेवा. त्या कार्यक्रमात मला ते पाहिजे.

वसमतहून बीएस्सीची एक विद्यार्थिनी विचारते : संस्कृतीच्या कार्यक्रमात सायन्स कुठून आलं? आमच्या कॉलेजात सायन्स डे वेगळा, गॅदरिंग वेगळं. आणि मराठवाड्यात इटलीच्या सायन्सचं काय काम?

तुझ्याच जिल्ह्यात आहे बाळा काम. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायलीय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पकडायच्या, म्हणजे दूर आकाशात प्रचंड वजनाच्या वस्तू एकमेकींवर आदळल्या की उठणारे तरंग. तर अशीच वेधशाळा इटलीत पिसाजवळ काशिना गावाच्या शेतांमध्ये आहे, नाव व्हर्गो, म्हणजे आपली कन्या रास, भुजा तीन किलोमीटरच्या, इटली आणि फ्रान्सनं मिळून सुरू केलेली. लहर आली की भुजेची लांबी जेवढी बदलते ती प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. तेवढं मोजायचं म्हणजे शेजारून गेलेला ट्रॅक्टर पण हिशोबात धरावा लागतो. औंढ्याला काय, पिसाला काय, हा एकच त्रास.

१४ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळा आणि व्हर्गो अशा तिघींनी मिळून पहिल्यांदा एक लहर ऐकली. दोघींना ऐकू आलं तर आवाज कुठल्या दिशेनं आला हे नीट कळत नाही, तिसरी आली की कळतं, रात्री शेतात तीन बाजूंना तीन माणसं उभी असली की कोल्हा कुठं ओरडला ते सांगता येतं ना, तसं. आकाशातली शोधायची जागा व्हर्गोमुळे वीसपट कमी झाली. औंढ्याची सुरू झाली की ह्या मंडळीत आपण एक कान वाढवू.

आता सायन्स संस्कृतीत कसं, तर पिसाचाच माणूस घे. गॅलिलिओ तिथं १५६४ ला जन्मला. त्याचे वडील ल्यूट हे तारांचं वाद्य वाजवणारे आणि तारांवर प्रयोग करणारे संगीतकार, तार किती ताणली की सूर किती चढतो हे मोजत बसायचे. पोरगं ते बघत वाढलं. १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून त्याला गुरूचे चार चंद्र दिसले, त्यानं वहीत रोज रात्रीची जागा मांडली, आणि पुढे १६३२ ला आपलं म्हणणं लॅटिन सोडून इटालियनमध्ये छापलं, साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. मग हे संगीत, हे सायन्स आणि ही भाषा, ह्यात भिंत कुठं घालशील? म्हणून त्यांच्या १५ एप्रिलच्या दिवसाला चित्रकाराचा वाढदिवस आहे आणि बोलतात ते शास्त्रज्ञ.

तुझ्यासाठी अजून एक नाव. रीता लेवी-मोन्ताल्चिनी. ज्यू म्हणून १९३८ च्या कायद्यानं तिला विद्यापीठातून काढलं, तर तिनं तोरिनोला आपल्या झोपायच्या खोलीत लॅब मांडली. शिवणाच्या सुया घासून घासून त्यांची बारीक हत्यारं केली, कोंबडीची अंडी आणून त्यातल्या पिल्लाच्या मज्जातंतूंवर प्रयोग केले. १९८६ ला नोबेल मिळालं. तुमच्या गॅदरिंगमध्ये वीस मिनिटांची एकांकिका होईल ही, एक पलंग, एक टेबल, एक टोपलीभर अंडी. नाटकवाल्या मुली आणि झूलॉजीवाल्या मुली एकत्र बसवा, आणि अंड्यात खरंच काय दिसतं ते शेवटी मायक्रोस्कोपखाली दाखवा.

धाराशिव जिल्ह्यातून वाचनालय चालवणाऱ्या एक काकू : आमच्या महिला मंडळाला इटलीची एक संध्याकाळ करायची आहे. पिझ्झा-पास्त्याचे स्टॉल, लाल-पांढरे-हिरवे फुगे एवढं ठरलंय. अजून काय करता येईल? बजेट थोडंच आहे.

काकू, फुगे राहू द्या, पण पिझ्झ्यापासून सुरुवात करू नका. पिझ्झा आता लातूरच्या कॉलेज रोडवर पण मिळतो, त्यासाठी तुमच्याकडे कुणी येणार नाही. तुमच्या जिल्ह्यात तेर आहे!

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरहून गाड्या भरून कापड भरुचला येतं. तगर म्हणजे तुमचं तेर. ते कापड जहाजानं रोमच्या बाजारात जायचं, त्या बाजूनं येणाऱ्या वस्तूंच्या खुणा तेरच्या मातीत सापडल्या, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं सुद्धा.

आणि आता ही गोष्ट मंडळात वाचून दाखवा. इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात खोदताना हस्तिदंताची एक बाई निघाली, वीतभर उंच. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, कमरेला रुंद पट्टा, पाठीवर वेणी, दोन्ही बाजूंना नटण्याचं सामान धरलेल्या दोन छोट्या मुली. डोक्यातून खाली एक भोक आहे, आरशाची मूठ असेल नाहीतर छोट्या टेबलाचा पाय. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. आज नेपल्सच्या म्यूझियममध्ये आहे. पण ती तिथली नव्हेच, इकडून गेलेली, आणि तिच्यासारखीच हस्तिदंताची बाई एक तेरला सापडलीय आणि एक भोकरदनला. (जालन्याच्या सरांनी पण हे वाचावं, भोकरदन त्यांचं.) म्हणजे कुणीतरी मराठवाड्यातल्या कारागिराच्या हातची, किंवा त्याच घडणीची, बाहुली समुद्रापलीकडे इटलीतल्या एका घरात होती. मी पहिल्यांदा हा फोटो दोन्ही बाजूला ठेवून बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि आज बावीस वर्षांनी लिहिताना पण येतोय.

तर संध्याकाळ अशी करा. सकाळी एक एसटी नाहीतर दोन क्रूझर करून बायका आणि पोरांना तेरला न्या, रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी म्यूझियम आहे तिथं, निघायच्या आधी उघडं आहे का तेवढं फोन करून विचारा. गोरोबा काकांचं दर्शन घ्या, मंदिर नदीकाठी आहेच. गोरोबा कुंभार, म्हणून येताना गावातल्या कुंभाराकडून चिखलाचा एक गोळा आणा. संध्याकाळी वाचनालयात पॉम्पेईच्या बाईचा मोठा प्रिंट भिंतीला, आणि पोरं चिखलातून तिचे दागिने, वाळे, वेणी घडवतील. आज्यांना विचारा, ह्यातला कुठला दागिना तुम्ही घातलाय? वाळे, वाक्या, कमरपट्टा, त्या बोलायला लागल्या की तुम्हाला दुसरा पाहुणा बोलवायची गरज नाही. एवढ्याला खर्च गाडीचा आणि प्रिंटचा.

सिनेमा दाखवायचा असेल तर नेटवरून उतरवून लावू नका, मुंबईच्या त्यांच्या सांस्कृतिक संस्थेला साधं पत्र लिहा, आम्ही अमुक गावचं वाचनालय, एवढी माणसं, एवढा पडदा, असा दिवस. होतं का नाही ते ते सांगतील, पण पत्रात तेर आणि पॉम्पेईचं जरूर लिहा आणि फोटो जोडा, वाचणारा माणूस खुर्चीत सरळ होईल. भाषा सप्ताह ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो, तेव्हाचा दिवस धरला तर त्यांनाही बरं. सगळं बोलणं मात्र मराठीत ठेवा. चार इटालियन शब्द शिकवायचे असतील तर शिकवा, बुओनासेरा, ग्रात्सिए, पण निवेदन इंग्रजीत नको, मागच्या रांगेतली आजी उठून गेली की कार्यक्रम संपला.

जेवणाचं म्हणाल तर पोलेंटा करा. उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांचं रोजचं खाणं, मक्याचा जाडसर भरडा उकळत्या पाण्यात सोडून पाऊण तास घोटायचा, मीठ घालायचं, घट्ट झालं की पाटावर ओतायचं. बघून तुमच्या मंडळातल्या बायका म्हणतील, ह्या तर कण्या! हो, कण्याच, आपल्या ज्वारीच्या, त्यांच्या मक्याच्या. वर त्यांच्यासारखं चीज नसलं तर लोणी घाला. फुगे तर ठरलेलेच आहेत.

औसा तालुक्यातून एक मुलगा, बारावी सायन्स : मला जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकायला इटलीला जायचंय. घरचे म्हणतात डोकं फिरलंय. काय करू?

तू औशाचा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचं घरात ऐकत मोठा झालेला. चार वर्षांनी, २६ सप्टेंबर १९९७ ला, इटलीत असिसीला भूकंप झाला, संत फ्रान्सिसच्या चर्चच्या छताचा काही भाग कोसळला, आत चौघं गेले आणि सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रांचे हजारो तुकडे झाले, कित्येक नखाएवढे. त्यांनी तो राडारोडा फेकला नाही. चाळला. एकेक तुकडा ट्रेमध्ये मांडला, रंगावरून, रेषेवरून जुळवत बसले, वर्षानुवर्षं. छतावरचे कित्येक संत परत उभे केले. तेव्हा घरच्यांना सांग की हे डोकं फिरल्याचं काम नाही, आपल्याकडे पण लागणारं काम आहे.

आता कामाचं. केमिस्ट्री सोडू नकोस, हे निम्मं केमिस्ट्रीच आहे. ड्रॉइंगचा हात रोज चालव, रोमच्या आणि फ्लॉरेन्सच्या सरकारी संस्थांत प्रवेश परीक्षेला हाताचं काम बघतात, कोर्स पाच वर्षांचा आणि इटालियन यावीच लागते, म्हणून भाषा आजपासून. सरकारी युनिव्हर्सिटीत फी घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि परदेशी मुलांसाठी इटलीच्या परराष्ट्र खात्याची स्कॉलरशिप असते, दरवर्षी तिची जाहिरात बघत जा, एजंटाला पैसे देऊ नकोस. आधी इथं पदवी कर आणि मग जा म्हणाले घरचे तर तेही चालेल, वेळ जात नाही.

आणि तुझ्या तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत. डिसेंबरात मी एक छोटा ग्रुप घेऊन तिकडे येणार आहे, त्यात इटलीच्या एक बाई आहेत ज्यांनी तीस वर्षं भिंतींवरची चित्रं साफ केलीत. संपादकांकडे तुझा नंबर देऊन ठेव. येताना वही, पेन्सिल आणि एक भिंग आण.